जुना मेणाचा ब्लॉक की ताजी गोठवलेली गाठ? विदर्भातील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात कर्करोगाचा जनुकीय अभ्यास आखताना

मुखाच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास करावा असे ज्यांच्या मनात आहे, पण ज्यांच्या हाताशी मोठी प्रयोगशाळा नाही, अशा आपल्याकडच्या पॅथॉलॉजीच्या आणि शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा आढावा लिहीत आहे. विषय आपल्या भागाला फार जवळचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा विदर्भातल्या गावोगावी खाल्ला जातो, आणि गालाच्या व हिरडीच्या कर्करोगाचे रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला येतात. त्यांच्या गाठींचे तुकडे वर्षानुवर्षे आमच्या कपाटांत मेणात बसवून ठेवलेले आहेत. प्रबंधाचा विषय ठरवताना विद्यार्थ्यापुढे म्हणूनच दोन वाटा येतात : कपाटातले हे जुने ब्लॉक वापरायचे, की आजपासून प्रत्येक शस्त्रक्रियेतून ताजा तुकडा घेऊन तो गोठवत जायचे. दोन्ही वाटांवरून मी विद्यार्थ्यांना जाताना पाहिले आहे. काहींचे संपूर्ण वर्ष वाया गेले, ते बहुधा चुकीची वाट धरल्यामुळे नव्हे, तर आपला प्रश्न नेमका काय आहे हे ठरवण्याआधीच वाट धरल्यामुळे.

पॅराफिन ब्लॉक तयार होताना तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये (ऊती न कुजता टिकवणाऱ्या द्रावणात) मुरतो, मग चढत्या क्रमाच्या अल्कोहोलमधून त्यातले पाणी काढले जाते, झायलिनमधून तो नितळ होतो आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसतो. ही सारी योजना पेशींचा आकार टिकावा म्हणून केलेली आहे. डीएनए वाचता यावा हा हेतू त्या काळी कोणाच्या मनात नव्हता. गोठवलेल्या तुकड्याचे तसे नाही. तो काढल्यावर काही मिनिटांत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवला जातो, नंतर तिथेच किंवा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये राहतो, आणि त्याच्या जनुकीय द्रव्याला कोणत्याही रसायनाचा स्पर्श होत नाही. नुसत्या गुणवत्तेचा विचार केला तर गोठवलेला तुकडा सरस आहे, यात वाद नाही. मात्र ही गुणवत्ता तुमच्या प्रश्नाला लागते का, आणि लागत असेल तर ती तुमच्या गावी टिकवता येते का, हे आधी पाहावे लागते.

फॉर्मेलिन नेमके काय बिघडवते

फॉर्मेलिन प्रथिने आणि डीएनए यांच्यात रासायनिक पूल बांधते. हे पूल सोडवून डीएनए वेगळा केला तरी तो अखंड मिळत नाही. त्याचे तुकडे झालेले असतात आणि बरेचसे १०० ते ३०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) दरम्यानचे असतात. त्यामुळे ५०० बेसचा भाग एकाच दमात वाढवणारी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणारी प्रक्रिया) ताज्या डीएनएवर सहज चालली तरी ब्लॉकमधल्या डीएनएवर ती कोरी जाऊ शकते. प्राइमर (वाढवायच्या भागाची दोन टोके ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) असे आखावेत की वाढवायचा भाग १५० बेसच्या आतच राहील.

याहून घातक गोष्ट वेगळीच आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. फॉर्मेलिनमुळे सायटोसिन (‘सी’) या बेसमधला अमिनो गट गळतो आणि त्याचे युरॅसिल होते, ज्याला वाचणारे यंत्र थायमिन (‘टी’) समजते. परिणामी गाठीत प्रत्यक्षात ‘सी’ असताना अहवालात ‘टी’ दिसतो, किंवा समोरच्या धाग्यावर ‘जी’च्या जागी ‘ए’ दिसतो. युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हे विकर (एन्झाइम) वाचनापूर्वी वापरले तर असे बरेच खोटे बदल गळून पडतात. पण ज्या सायटोसिनवर मिथाइल गट बसलेला असतो, त्याचा अमिनो गट गळाला तर थेट थायमिनच तयार होते, आणि त्याला हे विकर ओळखत नाही. मुखाच्या कर्करोगावर काम करणाऱ्याने हा मुद्दा वहीत ठळकपणे लिहून ठेवावा. टीपी५३ हे या कर्करोगात सर्वांत जास्त वेळा बिघडणारे जनुक आहे, आणि त्यातील १७५, २४८ व २७३ या क्रमांकांच्या जागी होणारे प्रसिद्ध बदल नेमके याच प्रकारचे असतात. खरा बदल आणि फॉर्मेलिनचा डाग इथे एकसारखे दिसतात. त्यामुळे कमी प्रमाणात आढळलेला असा बदल त्याच ब्लॉकच्या दुसऱ्या कापांतून नव्याने डीएनए काढून पुन्हा दिसल्याशिवाय प्रबंधात लिहू नये, असा आमच्या विभागात मी आग्रह धरतो.

ब्लॉक किती जुना आहे, हा प्रश्न विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात. वयाने फरक पडतो, पण त्याहून मोठा फरक पहिल्या दोन दिवसांनी पडतो. स्तनाच्या कर्करोगातील रिसेप्टर (पेशींवरचे ग्राहक रेणू) तपासण्यांसाठी अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनी मर्यादा आखून दिल्या आहेत. तुकडा काढल्यापासून १ तासाच्या आत तो फॉर्मेलिनमध्ये जावा, आणि तिथे त्याने किमान ६ व कमाल ७२ तास राहावे. आता आपल्याकडचे चित्र पाहा. तालुक्याच्या गावी सकाळी शस्त्रक्रिया होते. तुकडा अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबला जातो, फॉर्मेलिन त्याच्या दहापट असायला हवे ते जेमतेम बुडण्याइतके असते, आणि रुग्णाचा मुलगा ती बरणी पिशवीत घालून एसटीने दुसऱ्या दिवशी, मध्ये रविवार आला तर तिसऱ्या दिवशी, आमच्याकडे आणतो. फॉर्मेलिन ऊतींमध्ये सुरुवातीला ताशी सुमारे १ मिलिमीटर शिरते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. न चिरलेल्या मोठ्या गाठीचा गाभा त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात आतल्या आत सडतो आणि कडा मात्र गरजेपेक्षा जास्त पक्क्या होतात. त्यातच ते फॉर्मेलिन बाटलीतल्या द्रावणात नळाचे पाणी घालून केलेले असेल, तर त्यात हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते आणि आम्ल डीएनए तोडते. अशा तुकड्याचा दोन वर्षांचा ब्लॉक नीट मुरवलेल्या बारा वर्षांच्या ब्लॉकपेक्षा निकृष्ट निघालेला मी पाहिला आहे.

जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचलेल्या कर्करोगात आणखी एक खाचखळगा असतो. हाड कापता यावे म्हणून ते नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लात मऊ केलेले असते, आणि अशा ब्लॉकमधून उपयोगाचा डीएनए मिळण्याची आशा धरू नये. त्याच रुग्णाचा मऊ ऊतींचा, आम्लात न गेलेला ब्लॉक शोधावा. ग्रॉसिंगच्या (आलेली गाठ पाहून तिचे तुकडे कापण्याच्या) नोंदवहीत कोणता तुकडा कोणत्या कॅसेटमध्ये (तुकड्याच्या छोट्या डबीत) गेला हे लिहिलेले असते, आणि एरवी रटाळ वाटणारी ही वही अशा वेळी सर्वांत मोलाची ठरते.

तरीही ब्लॉकने काय करून दाखवले आहे

इतके दोष वाचल्यावर ब्लॉक टाकाऊ वाटतील, म्हणून तीन उदाहरणे देतो. १९९७ साली जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या साथीत मरण पावलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या फुप्फुसाच्या मेणातल्या तुकड्यातून त्या इन्फ्लुएंझा विषाणूच्या आरएनएचे छोटे छोटे भाग वाचून दाखवले. तो तुकडा तेव्हा जवळजवळ ऐंशी वर्षांचा होता, आणि आरएनए तर डीएनएपेक्षा कितीतरी नाजूक.

कर्करोगातील उदाहरणे आपल्या निर्णयाला अधिक जवळची आहेत. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपीची गरज कोणाला आहे याचा अंदाज देणारी २१ जनुकांची चाचणी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासावर उभी राहिली, त्यासाठी एकही नवा रुग्ण घेतलेला नव्हता. टॅमॉक्सिफेन या औषधाच्या एका जुन्या चाचणीतील ६६८ रुग्णांचे ब्लॉक काढले गेले, आणि त्यांपैकी कोणाचा आजार दहा वर्षांत परतला हे आधीच ठाऊक होते. २००८ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असेच घडले. पॅनिटुमुमॅब या औषधाची चाचणी पूर्ण झाल्यावर संशोधकांनी तिच्या ४६३ रुग्णांपैकी ४२७ जणांच्या साठवलेल्या तुकड्यांत केआरएएस जनुक तपासले, आणि या जनुकात बदल असलेल्यांना औषधाचा लाभ होत नाही हे त्यातून उघड झाले. आज हे औषध देण्यापूर्वी ही तपासणी करावी लागते.

या दोन्ही अभ्यासांत प्रश्न नेमका होता, जनुके मोजकी होती, आणि उत्तराचा अर्धा भाग, म्हणजे रुग्णाचे पुढे काय झाले हे, काळाने आधीच लिहून ठेवले होते. ताजा तुकडा कितीही उत्तम असला तरी हा काळ तो देऊ शकत नाही. आज गोठवलेल्या गाठीचा रुग्ण पाच वर्षांनी कसा असेल, हे कळायला पाच वर्षेच थांबावे लागते, आणि एमडीचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो.

ग्रामीण विदर्भात या फायद्याला एक अट मात्र आहे, ती म्हणजे रुग्णाचा पाठपुरावा. मेळघाटातून किंवा गडचिरोलीतून आलेला रुग्ण किरणोपचार अर्धवट सोडून गेला की आमच्या कागदांवर तो तिथेच थांबतो. वर्धा जिल्ह्यापुरती सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी आहे, आणि नागपूरचीही तशी नोंदणी आहे. ज्यांचे रुग्ण या क्षेत्रांतले आहेत त्यांनी ब्लॉकांची यादी करण्यापूर्वी अशा नोंदणीशी परवानगीने जोडणी होऊ शकते का, हे विचारावे. ज्या ब्लॉकच्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कोणालाच ठाऊक नाही, तो मेणात कितीही सुंदर बसलेला असला तरी जुना असण्याचा त्याचा खरा लाभ तुम्हाला मिळणार नाही.

ताजा तुकडा कुठे अपरिहार्य आहे

काही प्रश्न ब्लॉकला विचारूच नयेत. संपूर्ण जीनोमचे वाचन, गुणसूत्रांच्या मोठ्या तुकड्यांची उलथापालथ, लांब धागे वाचणारी यंत्रे, आणि पूर्वी कोणाला न दिसलेल्या बदलांचा शोध, या सर्वांना अखंड डीएनए लागतो. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या आणि ३३ प्रकारच्या कर्करोगांपर्यंत गेलेल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासने मुख्यतः गोठवलेल्या गाठींवरच भर दिला होता. हिरडी आणि गालाच्या कर्करोगावरील भारतीय गटाचा जीनोम अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही गाठीच्या जोडीला त्याच रुग्णाचे रक्त होते. या जोडीचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

गाठीतला एखादा बदल कर्करोगाने आणला की रुग्ण तो जन्मतः घेऊन आला, हे ठरवायला त्याच माणसाची निरोगी ऊती लागते. ताज्या वाटेवर २ मिली रक्त घेतले की काम झाले. जुन्या वाटेवर ते रक्त कुठून आणणार? बरेच जण शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची कर्करोग न दिसणारी कड निरोगी मानून वापरतात. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या तोंडात हे धोक्याचे आहे, कारण वीस वर्षे तंबाखूत आणि सुपारीत भिजलेले अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली साधे दिसले तरी त्यात गाठीचेच काही बदल आधीपासून असू शकतात. मानेतून काढलेल्या, कर्करोग न शिरलेल्या लसिकाग्रंथीचा ब्लॉक यापेक्षा कितीतरी बरा. गालाच्या शस्त्रक्रियेत मानेच्या ग्रंथी बहुधा काढलेल्या असतात, त्यामुळे तो कपाटात असण्याची शक्यताही चांगली असते.

आरएनएचा, म्हणजे कोणती जनुके किती चालू आहेत याचा, अभ्यास करायचा असेल तर माझा कौल ताज्या तुकड्याला आहे. ब्लॉकमधल्या आरएनएचे २०० बेसपेक्षा लांब तुकडे किती टक्के उरले आहेत ते मोजतात, आणि ते ३० टक्क्यांच्या खाली गेले तर पुढे पैसे घालण्यात फारसा अर्थ नसतो.

पण मग गोठवायचे कसे? उणे ८० चा फ्रीझर घ्यायला निधी मिळतो. तो उन्हाळ्यात अखंड चालवायला लागणारी वीज, जनित्र आणि रविवारीही धोक्याची घंटा ऐकणारा माणूस यांसाठी मात्र निधी मिळत नाही. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्याच दिवसांत वीजही जाते, आणि एका रात्रीत दोन वर्षांचे नमुने वितळून गेलेला फ्रीझर मी स्वतः उघडलेला आहे. त्यापेक्षा द्रवरूप नायट्रोजनची टाकी अधिक भरवशाची, कारण तिला वीज लागत नाही, फक्त ठरल्या दिवशी तिच्यात भर घालावी लागते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांना ही टाकी नवीन नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनाच्या कांड्या तिच्यातच ठेवतात, आणि तिथवर नायट्रोजन नियमित पोहोचवणारी व्यवस्था कित्येक वर्षे चालू आहे. आपल्या जिल्ह्यात ती कशी चालते हे पशुसंवर्धन विभागात जाऊन विचारायला संकोच करू नये.

मधला मार्ग आरएनए टिकवणाऱ्या द्रावणाचा आहे. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ तुकडा या द्रावणात टाकला तर तो २५ अंशांना साधारण एक आठवडा आणि साध्या फ्रीजमध्ये ४ अंशांना महिनाभर टिकतो, पण ३७ अंशांना एकच दिवस. डिसेंबरात यवतमाळहून नागपूरला पाठवायला हे उत्तम आहे, मे महिन्यात बर्फाच्या डब्याशिवाय नाही.

रक्तातल्या मुक्त डीएनएवरून गाठ ओळखण्याचा तिसरा पर्याय हल्ली सुचवला जातो. रुग्णाच्या उपचारात, विशेषतः फुप्फुसाच्या कर्करोगात पुन्हा तुकडा घेणे शक्य नसेल तेव्हा, त्याचे मोल मोठे आहे. मात्र आपल्या प्रश्नासाठी तो पर्याय नव्हे, कारण जुन्या रुग्णांचे रक्त कोणी ठेवलेले नाही.

ब्लॉक कोणाचा

काही वर्षांपूर्वी एक आजी आमच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “बाबू, आमच्या बुढ्याचा तो तुकडा अजून हाय का तुमच्यापाशी? मुंबईले मागितला.” ब्लॉक होता, पण कोणाच्या तरी अभ्यासासाठी इतका कापला गेला होता की त्यात गाठ जवळजवळ उरली नव्हती. बुढ्याचा नव्याने तुकडा काढावा लागला. ती चूक आमची होती. त्यानंतर मी विभागात एक नियम पाळत आलो आहे : रुग्णाचा एकच ब्लॉक असेल तर तो संशोधनाला द्यायचा नाही, आणि एकाहून अधिक असतील तरी ज्यात गाठ सर्वांत चांगली आहे तो उपचारासाठी राखून ठेवायचा. ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) पुन्हा चढवला की पृष्ठभाग सपाट करतानाच ऊती वाया जातात, म्हणून लागणारे सर्व काप एकाच बैठकीत घ्यावेत.

संमतीचा प्रश्नही दोन्ही वाटांवर वेगळा आहे. ताज्या तुकड्यासाठी रुग्णाची लेखी संमती शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावीच लागते, आणि ती घेताना जनुकीय तपासणीचे परिणाम त्याच्या मुलाबाळांनाही लागू होऊ शकतात हे वऱ्हाडीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत, त्याला कळेल अशा भाषेत सांगायला हवे. जुन्या ब्लॉकांबाबत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, तपासणीनंतर उरलेले आणि ओळख काढून टाकलेले नमुने वापरायचे असतील तर नैतिकता समिती संमतीची अट शिथिल करू शकते. ती सूट समितीनेच द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. शिवाय रुग्णाचे पुढे काय झाले हे जोडायचे असेल, तर ओळख पूर्णपणे पुसलेली राहत नाही, ती सांकेतिक क्रमांकामागे राहते, आणि हे समितीला अर्जातच स्पष्ट सांगावे. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी निराळी लागते, आणि तिला लागणारा वेळ प्रबंधाच्या वेळापत्रकात आधीच धरावा.

मी काय निवडेन

पाच ते पन्नास जनुकांपुरता प्रश्न, शंभराच्या आसपास रुग्ण आणि निदान निम्म्यांचा पाठपुरावा हाती असेल, तर मी निःसंकोच जुने ब्लॉक निवडेन. नवे काही शोधायचे असेल किंवा आरएनए हा अभ्यासाचा गाभा असेल, तर ताजे तुकडे घेईन, पण ते आपल्या इमारतीत साठवत न बसता नागपूर-मुंबईकडच्या, साठवणुकीची सोय असलेल्या संस्थेशी आधी करार करेन आणि रुग्णसंख्या वीस-तीसवर ठेवेन. दोन्ही थोडे थोडे करण्याचा मोह होतो. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात मी तो मान्य करणार नाही.

ब्लॉकची वाट धरलीत तर सर्व ब्लॉक एकदम कापू नका. आधी वेगवेगळ्या वर्षांतले वीस ब्लॉक काढा, प्रत्येकाची एचअँडई (नेहमीच्या रंगांनी रंगवलेली) स्लाइड पाहून गाठीचा भाग पेनने आखा, केराटिनचे मोती, मृत ऊती आणि लसिकापेशींची गर्दी टाळा, आणि तेवढाच भाग खरवडून डीएनए काढा. तो मोजताना नॅनोड्रॉपच्या (प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबू नका, ब्लॉकमधल्या डीएनएसाठी तो फुगलेला असतो. चकाकणारा रंग वापरून मोजणारे यंत्र घ्या आणि १०० व ३०० बेसची पीसीआर शेजारी शेजारी लावून पाहा. विसांपैकी सात-आठच चालले, तर अपयश कुठल्या वर्षांत आणि कुठल्या गावाहून आलेल्या तुकड्यांत साचले आहे ते नोंदवहीत शोधा. बहुधा एक-दोन ठिकाणेच सापडतात.

आणि त्या ठिकाणांना पत्र लिहून फॉर्मेलिन कसे करायचे ते कळवा : १०० मिली बाजारातले फॉर्मेलिन, ९०० मिली ऊर्ध्वपातित पाणी, त्यात ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बरणी रुंद तोंडाची, मोठी गाठ मधोमध चिरलेली, आणि चिठ्ठीवर तुकडा काढल्याची वेळ. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत असलेली आपली ब्लॉकांची कपाटेही याच वर्षी तळमजल्यावर हलवा. तिथे कूलरचा ओलावा पोहोचणार नाही आणि उंदीर-झुरळांपासून कपाट बंद राहील एवढी काळजी घ्या. पुढच्या तुकडीचा विद्यार्थी २०३५ साली जे ब्लॉक काढेल, ते या उन्हाळ्यात एसटीने येणाऱ्या बरण्यांतूनच तयार होणार आहेत.